काडीला मूळ कधी फुटते? संप्रेरके आणि साखर यांचा मेळ

वाळुंजाची काडी साध्या पाण्यात उभी करून ठेवली तरी थोड्याच दिवसांत तिच्या बुडाशी पांढरी मुळे दिसू लागतात. जुन्या ओकच्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी मात्र चांगल्या माध्यमात लावली, मुळे फुटण्याची पावडर तिला चोळली आणि दिवसभर तुषारांखाली जपली, तरी बहुधा काही आठवडे हिरवी राहून शेवटी बुडापासून काळी पडते. हे पाहून लोक सहसा दोनांपैकी एक निष्कर्ष काढतात : पावडर चांगली नव्हती, किंवा या झाडाला काडीपासून मुळे फुटतच नाहीत. दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. मूळ फुटायचे तर संप्रेरकांचा इशारा योग्य वेळी मिळावा लागतो आणि तो इशारा पाळण्याइतकी साखर त्याच वेळी काडीच्या बुडाशी पोहोचावी लागते. हा मेळ बसणार की नाही, हे पुष्कळसे काडी कापण्याच्या आधीच, ज्या झाडावरून ती घेतली त्या मातृवृक्षावर ठरलेले असते. पावडरीच्या डबीवर जेवढे लक्ष दिले जाते, त्याच्या निम्मे जरी मातृवृक्षाकडे दिले, तरी पुष्कळ काड्या वाचतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिथे मूळ नव्हते, तिथे ते येते कुठून?

बी रुजताना बाहेर पडणारे मूळ बियांतल्या अंकुरातच तयार असते. खोडाच्या काडीवर येणारे मूळ तसे नसते. ते खोडाच्या पेशींमधून नव्याने घडवावे लागते. अशा मुळांना आगंतुक मुळे म्हणतात. साल आणि लाकूड यांच्या मध्ये कॅम्बियम नावाचा विभाजनक्षम पेशींचा पातळ थर असतो. या थराजवळच्या आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांभोवतीच्या काही पेशी आपले ठरलेले काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात, त्यांचा एक लहानसा मूळांकुर बनतो आणि तो साल फोडून बाहेर येतो.

वाळुंज आणि पॉप्लर यांच्या अनेक जातींमध्ये असे मूळांकुर काडी झाडावर असतानाच खोडात सुप्तावस्थेत तयार असतात. त्यांना फक्त जागे होऊन बाहेर पडायचे असते. म्हणून इतर झाडांची वाळुंजाशी तुलना करणे न्यायाचे नाही. ओक, पाइन किंवा बहुतेक फळझाडांच्या काडीला सगळे काम शून्यापासून करावे लागते, आणि ते होईपर्यंत मुळांवाचून जिवंत राहावे लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काडीच्या कापलेल्या टोकाशी पांढरट, खरखरीत गाठ दिसू लागली की आता मुळे येणारच, असे अनेकांना वाटते. ती गाठ म्हणजे कॅलस, जखम भरून काढणाऱ्या पेशींचा पुंजका. काही झाडांत मुळे कॅलसमधून निघतात, पण पुष्कळ झाडांत कॅलस आणि मुळे या एकाच वेळी घडणाऱ्या स्वतंत्र गोष्टी असतात. महिनोन्‌महिने कॅलस वाढवत राहून एकही मूळ न देणाऱ्या काड्या कमी नसतात.

ऑक्सिन : इशारा शेंड्याकडून बुडाकडे

संप्रेरक म्हणजे वनस्पतीच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागात अत्यल्प प्रमाणात परिणाम घडवणारे रसायन. असे काही असावे, याची चाहूल चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांना १८८० साली लागली होती. कोवळ्या रोपाच्या टोकाला प्रकाश जाणवतो आणि वाकतो मात्र त्याखालचा भाग, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. नेदरलँड्समधील फ्रिट्स वेंट यांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओटच्या कोवळ्या टोकांतून तो निरोप अगर या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांत उतरवून दाखवला. त्यालाच पुढे ऑक्सिन हे नाव मिळाले. वनस्पतींतले मुख्य ऑक्सिन, इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल, १९३४मध्ये वेगळे काढले गेले ते मानवी मूत्रातून, ही या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट. हे द्रव्य काडीला मुळे फुटवते, हे लगेचच सिद्ध झाले, आणि १९३५मध्ये अमेरिकेतील बॉइस थॉम्प्सन संस्थेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे त्याचे भावंड अधिक उपयोगी असल्याचे दाखवले. आज रोपवाटिकांमध्ये ‘आयबीए’ म्हणतात ते हेच.

ऑक्सिन शेंडा, डोळे आणि कोवळी पाने यांत तयार होते आणि पेशीपेशींतून खालच्या दिशेने ढकलले जाते. ढकलण्याचे काम पेशीच्या विशिष्ट बाजूला बसलेली वाहक प्रथिने करतात, त्यामुळे हा प्रवाह गुरुत्वाकर्षणाने घसरत नाही, तर पेशींच्या रचनेने ठरलेल्या वाटेने जातो. हेर्मान फोख्टिंग यांनी १८७८मध्ये वाळुंजाच्या काड्या उलट्या टांगून पाहिल्या, तेव्हाही मुळे मूळच्या बुडाकडच्या टोकाशीच जास्त आली. काडी उलटी लावली गेली तर ती का फसते, याचे उत्तर येथे आहे.

आता काडी कापली की काय होते ते पाहा. वरून येणारे ऑक्सिन कापलेल्या टोकाशी येऊन अडते आणि तेथे साठू लागते. जखम झाल्याबरोबर जास्मोनिक आम्ल हे दुसरे संप्रेरक अल्पकाळ उसळते आणि त्या भागातल्या पेशींना बदलाला तयार करते. तिसरी गोष्ट कमी लक्षात घेतली जाते : मुळांमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होणारे सायटोकायनिन हे संप्रेरक आता खालून येणे बंद होते. सायटोकायनिन फुटव्यांना प्रोत्साहन देते आणि मुळांच्या आरंभाला सहसा विरोध करते. स्कूग आणि मिलर यांनी १९५७मध्ये तंबाखूच्या पेशींवर दाखवले की ऑक्सिनचे पारडे जड असेल तर मुळे येतात आणि सायटोकायनिनचे जड असेल तर फुटवे. म्हणजे काप घेण्याची क्रियाच या दोन संप्रेरकांचा तोल मुळांच्या बाजूला झुकवते. खोडाची लांबी वाढवणारे जिब्रेलिन हे संप्रेरकही बहुतेक वेळा मुळांच्या आरंभाला अडथळा करते. जोमाने लांबत चाललेला लुसलुशीत फुटवा काडीसाठी वाईट ठरण्याचे ते एक कारण आहे.

मग पावडर जास्त लावली तर मुळे जास्त येतील का?

नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ऑक्सिनला ठिणगी समजा आणि साखरेला सरपण. ठिणगी क्षणभर हवी असते, सरपण शेवटपर्यंत लागते, आणि ठिणग्यांचा वर्षाव केल्याने कमी सरपणाचा जाळ मोठा होत नाही.

सफरचंदाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या काड्यांवरील अभ्यासांतून या वेळापत्रकाची बरीच नेमकी कल्पना आली आहे. साधारण पहिल्या २४ तासांत पेशी आपले जुने काम सोडण्याच्या तयारीत असतात; २४ ते ९६ तासांच्या दरम्यान त्या ऑक्सिनला सर्वांत तीव्र प्रतिसाद देतात. मूळांकुर ठरून गेल्यावर मात्र तेच भरपूर ऑक्सिन मुळाच्या लांबीला रोखू लागते. जे द्रव्य मुळाला जन्म देते, तेच थोड्या दिवसांनी त्याची वाढ अडवते. झाडाझाडानुसार हे तास आणि दिवस बदलतात, आणि लाकूड झालेल्या काड्यांत सगळेच सावकाश चालते, पण क्रम हाच राहतो. म्हणूनच काडीचे बूड काही सेकंद द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत रूढ झाली : जोरदार पण अल्पकालीन इशारा.

प्रमाण मोजण्यासाठी पीपीएम हे एकक वापरतात, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. १ लिटर द्रावणात १ ग्रॅम द्रव्य असेल तर ते १००० पीपीएम किंवा ०.१ टक्का होते. झटपट बुडवण्यासाठी कोवळ्या काड्यांना साधारण ५०० ते १०००, अर्धपक्व काड्यांना १००० ते ३००० आणि पक्व, लाकडी काड्यांना ३००० ते ८००० पीपीएम आयबीए वापरण्याची प्रथा आहे. २४ तास भिजवत ठेवायचे असेल तर मात्र २० ते २०० पीपीएम एवढेच सौम्य द्रावण लागते. एका पद्धतीचे प्रमाण दुसऱ्या पद्धतीला लावले तर काडीचे बूड जळते. यात अतिशयोक्ती नाही. २,४-डी हे प्रसिद्ध तणनाशकही ऑक्सिनच्याच गुणाचे कृत्रिम द्रव्य आहे आणि ते रुंद पानांच्या तणांना मारते ते याच अतिरेकी इशाऱ्याने. आयबीए नैसर्गिक ऑक्सिनपेक्षा सरस ठरते, कारण ते प्रकाशात आणि पेशींतल्या विकरांपुढे (एन्झाइमांपुढे) लवकर नष्ट होत नाही, आणि पेशी त्याचे हळूहळू नैसर्गिक ऑक्सिनमध्ये रूपांतर करत राहतात.

साखर : सरपण आणि त्याहून काही अधिक

नवी पेशी घडवायला भित्तिका लागतात, प्रथिने लागतात, ऊर्जा लागते. या सगळ्याचा कच्चा माल शेवटी साखरेतूनच येतो. पाने प्रकाशसंश्लेषणाने साखर बनवतात, ती मुख्यतः सुक्रोजच्या रूपाने रसवाहिन्यांतून खाली जाते, आणि लगेच न लागलेला भाग खोडात स्टार्च म्हणून साठतो. काडीच्या बुडाशी पेशी विभागू लागल्या की तेथे सुक्रोज फोडणारी विकरे सक्रिय होतात, तेथील साखर खर्च होत जाते आणि वरून आणखी साखर तिकडे ओढली जाते. ही ओढ निर्माण करण्यात ऑक्सिनचाही हात असतो. ठिणगी आणि सरपणाची उपमा येथे थोडी तोकडी पडते, कारण इथली ठिणगी स्वतःच सरपण गोळा करते.

ती आणखी एका बाजूने तोकडी पडते. पेशी साखर फक्त वापरत नाहीत, ती मोजतातही. साखर पुरेशी असल्याचे काही प्रथिने ओळखतात आणि विभाजनाला परवानगी देतात. तुटवडा जाणवला की दुसरी प्रथिने वाढ थांबवून बचतीचा मार्ग धरायला लावतात. त्यामुळे उपाशी काडीवर ऑक्सिन ओतले तरी पेशी ते ऐकत नाहीत, आणि तुषार, माती, तापमान सगळे ठीक असताना काडी ‘काहीच न करता’ बसून राहते.

१९१८मध्ये क्राउस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवर केलेली निरीक्षणे आजही बोलकी आहेत. कर्बोदके भरपूर आणि नत्र कमी असलेल्या पिवळसर काड्यांना पुष्कळ मुळे आली, पण फुटवे दुबळे राहिले. कर्बोदके पुरेशी आणि नत्रही बऱ्यापैकी असलेल्या हिरवट काड्यांना मुळे कमी आणि फुटवे जोमदार आले. नत्र भरपूर पण कर्बोदके अगदी कमी असलेल्या हिरव्या काड्या मात्र सरळ कुजल्या. टोमॅटो म्हणजे वृक्ष नव्हे, पण हा कल लाकडी झाडांतही वारंवार दिसतो. मातृवृक्षाला भरमसाठ नत्र देऊन काढलेली गर्द हिरवी, लांब पेरांची, मऊ काडी दिसायला सुंदर असते आणि लावायला धोक्याची असते. वाकवल्यावर लवचिकपणे झुकणारी पण पिचकणार नाही, अशी सूर्यप्रकाशात वाढलेली मध्यम जोमाची काडी मी तिच्यापुढे केव्हाही पसंत करीन.

गुटी कलमातला पुरावा

संप्रेरक आणि साखर यांचा संबंध डोळ्यांनी पाहायचा असेल तर गुटी कलमासारखे उदाहरण नाही. झाडावरच्या फांदीची दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढतात आणि त्या जागी ओलसर शेवाळ गुंडाळतात. लाकूड शाबूत असल्यामुळे मुळांकडचे पाणी जलवाहिन्यांतून पानांपर्यंत जात राहते, म्हणून फांदी सुकत नाही. साल आणि कॅम्बियम नसल्यामुळे वरून येणारी साखर आणि ऑक्सिन यांची वाट मात्र तुटते, आणि दोन्ही वरच्या कडेशी साचतात. मुळे येतात ती याच वरच्या कडेवर, खालच्या कडेवर नाही. छाट कलमाला, म्हणजे कापून लावलेल्या काडीच्या पद्धतीला, दाद न देणारी अनेक झाडे गुटीला दाद देतात, कारण तेथे पाण्याची चिंता मिटलेली असते आणि इशारा व साठा दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात. फांदीची साल काही आठवडे आधी अशी गोल काढून ठेवायची आणि मग तेथून काडी कापायची, हा कठीण झाडांसाठीचा जुना उपाय याच तत्त्वावर चालतो.

साखर इतकी महत्त्वाची, तर काडीला साखरेचे पाणी का देऊ नये?

हा प्रश्न रास्त आहे, कारण ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत नेमके तेच करतात. तेथील माध्यमात लिटरमागे २० ते ३० ग्रॅम साखर सर्रास असते. पण ते भांडे बंद आणि निर्जंतुक असते. उघड्या मातीत किंवा पाण्यात साखर पडली की तिचा पहिला लाभ बुरशी आणि जीवाणूंना होतो, आणि त्यांची चिकट वाढ काडीचे कापलेले तोंड बंद करते. साखर दाट असेल तर ती पेशींतले पाणीही बाहेर ओढते. काडीला साखर मिळण्याची खात्रीची वाट पानांतून खाली येणारी आहे, तळातून वर जाणारी नाही.

मधाबद्दलही हेच म्हणावे लागते. त्यात जंतूंना रोखण्याचा गुण थोडाफार असला तरी मुळांचा आरंभ करणारे ऑक्सिन म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. दालचिनीची पूड फार तर बुरशी आवरते. नारळपाण्यात तर सायटोकायनिन लक्षणीय असते आणि ऊतिसंवर्धनात त्याचा उपयोग मुख्यतः पेशींचे विभाजन वाढवण्यासाठी झाला आहे, तेव्हा मुळांसाठी ते वापरण्याला फारसा आधार नाही.

पाने ठेवावीत की काढावीत?

पाने काढली तर पाणी वाचते, पण साखर आणि ऑक्सिन दोन्हींचा झरा आटतो. पाने सगळी ठेवली तर मुळांवाचून पाण्याची भरपाई होत नाही. पाने सुकू लागताच पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि पाने असूनही साखर बनत नाही. पश्चिम आफ्रिकेतील ट्रिप्लोकायटन या इमारती लाकडाच्या वृक्षावर १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पानांचे क्षेत्रफळ, पाण्याचा ताण आणि कर्बोदके यांचा एकत्र विचार झाला. पानांशिवायच्या काड्यांना मुळे आली नाहीत, आणि यश अवलंबून होते ते कापल्यानंतर पानांनी बनवलेल्या साखरेवर. फार मोठे पान पाण्याअभावी आणि फार लहान पान साखरेअभावी तोट्याचे ठरते. या वृक्षासाठी सुमारे ५० चौरस सेंटिमीटर पान ठेवणे सोयीचे मानले जाते. मोठी पाने अर्धी कापून ठेवण्यामागचे गणित हेच आहे.

पानगळीच्या काळात घेतलेल्या लाकडी काडीचे मात्र वेगळे असते. तिच्याकडे पाने नसतात, फक्त साठवलेला स्टार्च असतो, आणि तो संपण्याच्या आत मुळे यायला हवीत. अशा काडीचे डोळे मुळांआधी फुटले की ती हिरवीगार दिसते, पण साठा नव्या पालवीवर खर्च होतो आणि काही दिवसांत सगळे कोमेजते. म्हणून बुडाशी ऊब आणि शेंड्याशी गारवा ठेवतात. बुडाचे तापमान १८ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवले की मुळांचे काम पुढे जाते आणि डोळे मागे राहतात.

प्रकाशाबाबतही असाच तोल लागतो. पेटुनिया या फुलांच्या लहान रोपाच्या काड्या १० अंश सेल्सिअसला आठवडाभर अंधारात ठेवून मग प्रकाशात लावल्या, तर न ठेवलेल्या काड्यांपेक्षा त्यांना मुळे चांगली आली; अंधारात त्यांची साखर घटली, पण पुन्हा प्रकाशात आल्यावर बुडाकडे ती अधिक उपलब्ध झाली. साखर किती आहे याइतकेच ती कुठे आणि केव्हा आहे हेही मोलाचे असते, हे यावरून कळते. मात्र झाडांच्या काड्यांवर हा प्रयोग विचार न करता उचलणे योग्य नाही.

सगळे देऊनही जुन्या झाडाची काडी का फसते?

संपूर्ण विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, आणि येथे संप्रेरक व साखर दोन्ही हात टेकतात. प्रौढ झाडाच्या काडीत स्टार्च पुष्कळदा कोवळ्या झाडापेक्षा जास्त असतो. ऑक्सिन बाहेरून देता येते आणि ते आत शिरतेही. तरी मुळे येत नाहीत, कारण पेशींनी त्या इशाऱ्याला प्रतिसाद देण्याची क्षमता गमावलेली असते. आयव्ही या वेलीच्या पानांच्या देठांवर हे स्पष्ट दिसले : कोवळ्या अवस्थेतील देठांना ऑक्सिन दिल्यावर मूळांकुर तयार झाले, प्रौढ अवस्थेतील देठांना तेच ऑक्सिन दिल्यावर नुसता कॅलस झाला. शिवाय अनेक झाडांत वयानुसार सालीच्या आत कठीण तंतुमय पेशींचे कडे तयार होते आणि कोवळ्या मुळाला ते भेदावे लागते, पण ते दुय्यम कारण आहे.

दिलासा असा की, झाडाचे सगळे भाग सारखे प्रौढ होत नाहीत. शेंड्याकडच्या फांद्या प्रौढ असतात, तर बुंध्याजवळचा भाग कोवळेपण बराच जपून असतो. म्हणून झाड बुंध्यापासून छाटल्यावर जमिनीलगत जे धुमारे येतात, त्यांच्या काड्या शेंड्याच्या काड्यांपेक्षा कितीतरी सहज रुजतात. ब्राझीलमधील अराक्रूझ कंपनीने निलगिरीची मोठ्या प्रमाणावर कृंतक लागवड (निवडलेल्या झाडांच्या हुबेहूब प्रतींची लागवड) उभी केली ती अशाच धुमाऱ्यांच्या काड्यांवर, आणि त्या कामाला १९८४ साली मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला. रेडिएटा पाइनच्या मातृवृक्षांना वारंवार छाटून कुंपणासारखे बुटके ठेवतात, तेही हे कोवळेपण टिकवण्यासाठीच. एखाद्या मोलाच्या जुन्या झाडाची काडी रुजवायची असेल, तर वर चढून फांदी आणण्यापेक्षा बुंध्याशी फुटवे आणण्याची व्यवस्था करणे आणि त्यासाठी एक हंगाम थांबणे हे कोणत्याही पावडरीहून मोठे पाऊल आहे.

मुळे दिसल्यानंतर

पांढरी टोके दिसू लागली की आधीचे बरेच नियम उलटतात. आता ऑक्सिन पुन्हा देणे हानिकारक असते, कारण ते मुळांना लांबू देणार नाही. नवी मुळे स्वतः सायटोकायनिन बनवू लागतात आणि त्याने डोळे जागे होतात, म्हणून या टप्प्यावर पालवी येणे हे आधीसारखे संकट न राहता चांगले लक्षण ठरते. जे नत्र मातृवृक्षावर जपून द्यायचे होते, ते आता सौम्य प्रमाणात उपयोगी पडते. प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढवावा, म्हणजे पाने अधिक साखर बनवतील, आणि तुषार हळूहळू कमी करावेत. एकदम बंद केल्यास दमट हवेत वाढलेली पाने पाणी धरून ठेवू शकत नाहीत. पहिल्या मुळांना फांद्या फुटेपर्यंत काडी हलवू नये, कारण कॅलसमधून आलेल्या मुळांचा खोडाच्या वाहिन्यांशी जोड या काळात कच्चा असतो आणि थोड्याशा धक्क्यानेही ती तुटतात.